सगळंच काढा

स्पीडब्रेकर नवऱ्याला दिसला नाही, मला दिसला, आणि माझा पाय खाली गेला. पायाखाली रबरी मॅट होती, दुसरं काही नव्हतं. मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. शिकवायच्या गाडीत माझ्या बाजूलाही एक ब्रेक असतो. शिकणारा गडबडला की तो मी दाबायचा. इतकी वर्षं दाबतेय की कोणाच्याही शेजारी बसले तरी पाय आपलं काम करून मोकळा होतो. गाडी उडाली, आपटली, आणि पोटात, जिथले टाके आपोआप विरघळणार होते म्हणे, तिथे कोणी मूठ घालून पिळावं तशी कळ आली. "सॉरी, सॉरी," नवरा म्हणाला, आणि मग हसून म्हणाला, "अगं, ही तुझ्या शाळेची गाडी नाही. इथे तुझा ब्रेक नाही." चांगल्या मनाने म्हणाला. तो सगळं चांगल्या मनानेच करतो, हीच तर पंचाईत आहे. त्याने गाडी मधेच थांबवली होती, मागचा मोटरसायकलवाला कडेने घासत पुढे आला, माझ्या बाजूच्या काचेवर त्याने थाप मारली आणि "झोपलात काय?" म्हणाला. बस, एवढंच. त्याच्या जागी मी असते तर याहून वाईट बोलले असते. पण हल्ली रोज येते ती वाफ छातीच्या खालून निघाली, मानेपर्यंत आली, कानशिलं तापली, आणि मी दार उघडून खाली उतरले. त्याच्या आरशाची दांडी दोन्ही हातांनी धरली आणि पिळली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा आरसा हातात आला. तो माणूस हेल्मेटमधून नुसता बघत राहिला. त्याच्या नाकाचं हाड मोडताना कसा आवाज येईल याचा मी अगदी बारकाईने विचार करत होते. नवरा धावत आला, हात जोडून त्याला म्हणाला, "माफ करा हं. तिचं ऑपरेशन झालंय, पिशवी काढली. हार्मोन्सचं आहे सगळं." आणि तो माणूस विरघळला. "असू दे, असू दे," म्हणाला, "आमच्या वहिनीचंही असंच झालं होतं. सांभाळा त्यांना." आरसा न मागताच गेला. दोन पुरुषांनी रस्त्यात उभं राहून माझ्या पोटात काय नाही यावर समझोता केला, आणि मी आरसा धरून उभी, घामाने ब्लाउज पाठीला चिकटलेला.

आम्ही तपासणीलाच चाललो होतो. डॉक्टरीणबाईंनी टाके दाबून बघितले, छान म्हणाल्या. त्यांना सगळं छानच दिसतं. मी आडवी पडून छताकडे बघत होते आणि मला आठवत होतं की याच टेबलावर, ऑपरेशनच्या आधी, मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. गर्भाशय काढा, माझी ना नाही. त्या पिशवीचं मला कौतुक नव्हतं. एका मुलाला जन्म दिला, तो आता परगावी शिकतोय, तिचं काम संपलं होतं. त्यानंतर तिने गाठी धरल्या आणि मला वर्षानुवर्षं नुसतं रक्तात बसवलं. शिकवायच्या गाडीत सीटवर काळा टॉवेल घडी करून बसायचे मी. एकदा एका मुलीला चढावर गाडी कशी थांबवायची ते शिकवताना टॉवेलच्याही पलीकडे गेलं, आणि तो तास संपेपर्यंत मी उतरलेच नाही, शेवटी कमरेला कोट बांधून उतरले. तेव्हा जा बाई एकदाची, अशीच माझी भावना होती. पण अंडाशयं ठेवायची, हे मी बोलले होते. नुसतं बोलले नव्हते, वाचून, चार बायकांना विचारून बोलले होते. ती गेली की एका रात्रीत म्हातारपण दारात, हे मला कळलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, चांगली दिसली तर ठेवू. नवरा शेजारच्या खुर्चीत बसून मान डोलावत होता. आणि शुद्धीवर आले तेव्हा तोच माझ्या कपाळावरचे केस मागे सारत म्हणाला, "सगळंच काढावं लागलं. डॉक्टरांनी ठरवलं." भुलीच्या धुक्यात मी म्हटलं, बरं. पदरी पडलं, पवित्र झालं. नंतर घाम सुरू झाले.

डॉक्टरीणबाईंनी औषधाच्या पट्ट्या लिहून दिल्या, कमरेखाली चिकटवायच्या. झोप लागेल, घाम थांबेल, राग कमी होईल. मी विचारलं, "आणि राग खरा असेल तर?" त्या हसल्या. "खरा पण कमी होतो," म्हणाल्या. नवराही हसला. मी घरी येऊन पट्ट्यांचं पाकीट कपाटात साड्यांच्या खाली घातलं. नवऱ्याला सांगितलं, लावली. खोटं बोलायला काही लाज वाटली नाही. माझं म्हणून शरीरात जे काही उरलं होतं त्यात हा राग तेवढा धडधाकट होता, आणि तो एका चिकटपट्टीने जाणार असेल तर मी त्याला सहजासहजी सोडणार नव्हते. पण राग कशाचा, हे मलाही सांगता येत नव्हतं, हे कबूल करते. नळ गळतोय म्हणून राग. दूध उतू गेलं म्हणून. नवरा चहा फुंकून पितो म्हणून. तळपायाची आग मस्तकात म्हणतात ना, ती मला शब्दशः जायची, पोटरीवरून चढताना कळायची, आणि डोक्यात पोचली की मी समोरच्या माणसाच्या गळ्याकडे बघायचे. कोणाचाही गळा. दूधवाल्याचा, शेजारणीचा. मग ओसरायची, आणि मी ओल्या गाऊनमध्ये थंडीने कुडकुडत पलंगाच्या कडेला बसायचे. माझी आई या वयात अशी बसायची. आम्ही भावंडं आपसात म्हणायचो, आईचं काहीतरीच असतं. तिचं काय असतं हे कोणीच विचारलं नाही. ती एकदा ताट भिंतीवर फेकून मारून पुन्हा वाढायला बसली होती. मी तेव्हा हसले होते.

डॉक्टरीणबाईंची परवानगी मिळाल्यावर कामावर गेले. मी शिकणाऱ्यांना टोपणनावं ठेवते, नावं लक्षात राहत नाहीत. त्या दिवशी माझ्याकडे होहो होता. चाळिशीचा, कुठेतरी मोठा साहेब. काहीही सांगा, "हो हो, कळलं" म्हणायचा आणि कळलेलं नसायचं. चौकाच्या अलीकडे मी म्हटलं, पुढे झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे आहेत, वेग कमी करा. हो हो. त्याच्या मांडीवर फोन वाजला आणि त्याने खाली बघितलं. पट्ट्यांवर एक बाई बाबागाडी ढकलत होती. तिने आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही, गाडी थांबणारच अशी तिची खात्री. मी माझा ब्रेक दाबला, सगळा जोर लावून, आणि पोट आतून फाटलं असंच वाटलं. गाडी बाबागाडीपासून हातभर अंतरावर थांबली. आतलं बाळ हात हलवत होतं. बाई ओरडली, पुढे गेली. आणि होहो माझ्याकडे वळून म्हणाला, "एवढ्या जोरात कशाला दाबलंत? मी दाबणारच होतो." मी त्याच्या कानाखाली वाजवली. चांगली, उघड्या पंजाने, वळून. त्याचं डोकं काचेवर आपटलं. दुसरी मारायला हात उचलला आणि लक्षात आलं की मला थांबायचंच नाहीये, त्याचं तोंड मला स्टिअरिंगवर आपटायचंय, हॉर्न वाजेपर्यंत. मी खाली उतरले आणि फुटपाथवर बसले.

शाळेच्या मालकांनी मला केबिनमध्ये बसवलं, पाणी दिलं. सज्जन माणूस, मला शिकाऊ असल्यापासून ओळखतो. "चूक त्याचीच," म्हणाले, "पण मॅडम, हात? तुम्ही? तुमच्याइतकं थंड डोकं माझ्याकडे कोणाचं नाही." मी म्हटलं, मूल मेलं असतं. "खरंय. पण हे तुमचं ते आहे. मिस्टर बोलले माझ्याशी फोनवर, आधीच सांगून ठेवलं होतं त्यांनी, जरा सांभाळून घ्या म्हणून. माझ्या बायकोचंही त्या वयात असंच व्हायचं. विनाकारण चिडायची." मी विचारलं, "विनाकारण? ती काय सांगायची कारण?" मालक विचारात पडले. प्रामाणिक माणूस, खरंच आठवून बघितलं. "ते नाही आठवत," म्हणाले. मग म्हणाले, थोडे दिवस घरी बसा. म्हणजे बाबागाडी वाचली ती माझ्या ब्रेकने, आणि कानाखाली बसली ती माझ्या हार्मोन्सनी. चांगलं ते कामाचं, वाईट ते आजाराचं. माझं म्हणून मधे काहीच नाही. परत जाताना मी सरळ चालत गेले, दुकानांच्या काचांत स्वतःला बघत. ओठ घट्ट मिटलेली, लाल तोंडाची एक बाई. ही विनाकारण चिडते, असं मलाही वाटायला लागलं होतं.

मी घरी बसले म्हणताच सोबतीला ताई आल्या. ताई म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण. मनाने लोणी, पण जिभेला हाड नाही. ऑपरेशनच्या दिवशी त्याच नवऱ्याबरोबर बाहेर बसल्या होत्या. दुपारी आम्ही पलंगावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होतो. त्या म्हणाल्या, "तुझी पिशवी केवढी होती माहितेय? मी तर घाबरलेच. डॉक्टरीणबाई स्वतः घेऊन आल्या बाहेर, स्टीलच्या ट्रेमध्ये. दाखवतात ना नातेवाइकांना, हे बघा काढलं म्हणून." मला माहीत होतं दाखवतात ते. पण कोणाला दाखवलं याचा विचार मी केला नव्हता. माझ्या पोटातली वस्तू ताईंनी पाहिली होती, नवऱ्याने पाहिली होती, बाकावर जो कोणी बसला असेल त्यानेही पाहिली असेल. मी तेवढी पाहिली नव्हती. "कशी होती?" मी विचारलं. "अगं, दोन मुठींएवढी. गाठीगाठीची. लाल. आणि तेव्हाच त्यांनी विचारलं ना, अंडाशयं चांगली दिसताहेत, ठेवू का, की काढायची? ठेवली तर पुढेमागे लक्ष ठेवावं लागेल म्हणाल्या." मी नवऱ्याच्या शर्टाची कॉलर दुमडत होते. "मग?" "मग काय, हा म्हणाला, सगळंच काढा. लगेच म्हणाला हो, विचारसुद्धा केला नाही. मग थोड्या वेळाने तीही आणून दाखवली. बदामाएवढी असतात गं. पांढरट, छान गुळगुळीत. मला वाटलं होतं काही भयंकर असेल." मी विचारलं, "चांगली होती?" "चांगलीच की. त्याच म्हणाल्या ना चांगली आहेत म्हणून." थोड्या वेळाने ताईंना काहीतरी जाणवलं असावं, कारण त्या माझ्या हातातल्या शर्टाकडे बघायला लागल्या. "घाबरला होता गं तो," म्हणाल्या. "आमची आई अंडाशयाच्याच आजारात गेली ना." मी शर्टाची घडी पूर्ण केली आणि बाकीच्यांवर ठेवली. गॅरेजमध्ये माणूस सांगतो तसं. उघडलंच आहे तर सगळंच काढा. मी आत उताणी, तोंडात नळी, आणि बाहेर हा सांगतोय.

गंमत अशी की तेव्हा वाफ आली नाही. कानशिलं तापली नाहीत, काही नाही. मी चप्पल घातली, नवऱ्याच्या गाडीची किल्ली खुंटीवरून घेतली आणि खाली गेले. तो त्या दिवशी बसने गेला होता. गाडी पार्किंगमध्ये उभी, दर रविवारी पुसलेली, सीटवर अजून प्लास्टिक. मी इतकी वर्षं शिकवतेय, माझ्या हातून कुठल्याही गाडीला ओरखडा गेलेला नाही. मी बसले, सीट पुढे घेतली, आरसे लावले. पट्टा लावला, टाक्यांवर नको म्हणून जरा खाली सरकवला. रिव्हर्स टाकला. वॉचमन धावत आला, मी गाडी नीट लावतेय असं त्याला वाटलं, आणि हात हलवत म्हणायला लागला, "येऊ द्या मॅडम, येऊ द्या, येऊ द्या." मी येऊ दिली. मागची भिंत लागली तेव्हा दोन्ही दिवे एकदम फुटले, एकही मागेपुढे नाही, इतकी सरळ घेतली होती. मग पहिल्या गिअरमध्ये पुढे, खांबावर. मग पुन्हा मागे. प्रत्येक धक्क्याला पोटात कळ येत होती आणि मी ती येऊ देत होते. बॉनेट वर आलं, मडगार्ड खाली लोंबायला लागलं, कुठूनतरी हिरवं पाणी वाहायला लागलं. वॉचमनचा हात तसाच हवेत. इंजिन बंद पडल्यावर मी हँडब्रेक ओढला, गाडी न्यूट्रलला आणली आणि उतरले. सवय.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा खाली जिन्यापाशी माणसं जमली होती. मी वरून, गॅलरीतून ऐकत होते. तो गाडीभोवती एक फेरी मारून आला, फुटलेल्या दिव्यावर बोट फिरवलं, आणि मग लोकांना हळू आवाजात तेच सांगायला लागला. ऑपरेशन. हार्मोन्स. मी तिला पट्ट्या आणून दिल्यात. लोक च् च् करत होते. गाडी फुटलीय आणि तरी बायकोबद्दल एक वाकडा शब्द नाही, काय देवमाणूस. वर आल्यावर मी त्याला दारातच म्हटलं, "तू म्हणालास सगळंच काढा." त्याचा चेहरा पडला. ताईंकडे बघितलं, त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. तो खरं सांगेल असं मला क्षणभर वाटलं, ओठ तसे हलले होते. पण मग त्याची नजर माझ्या हातांवर गेली, ते थरथरत होते, आणि मला दिसलं की त्याला वाट सापडली. "आत्ता तू त्या अवस्थेत नाहीस," तो म्हणाला, फार प्रेमाने. "पट्ट्या तू लावतच नाहीस, मी पाहिलंय पाकीट. आधी लाव. शांत झालीस की बोलू. मी शब्द देतो." मी ओरडले. काय ओरडले ते सांगण्यासारखं नाही. जितकी ओरडत होते तितकं त्याचं म्हणणं खरं ठरत होतं. गाडी फोडणारी बाई अगदी बरोबर बोलत असली तरी तिचं कोण ऐकणार? साप आहेच, पण लोकांना दिसतेय ती फक्त भुई धोपटणारी. मला त्याला गॅलरीतून खाली ढकलावंसं वाटलं, आणि त्याहून वाईट म्हणजे मला वाटलं की ढकललं तरी तो पडता पडता लोकांना तेच सांगेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून पट्टी लावली. बोटाच्या दोन पेरांएवढी, पारदर्शक, कमरेच्या हाडाखाली. माझी एकच भीती होती: डॉक्टरीणबाई म्हणाल्या ते खरं झालं तर? खरा पण कमी झाला तर? त्याने माझी अंडाशयं नेली, आता माझ्याच हाताने मी त्यांचा हिशोब मागणारं जे काही होतं तेही देऊन टाकत होते. झोप लागली की मी विसरेन. हसेन. भाजीत मीठ किती हा प्रश्न उरेल, आणि ताई सगळ्यांना सांगतील, झाली हो पहिल्यासारखी. आणि झालंही तसंच. घाम थांबले. आखडलेले सांधे मोकळे झाले. सलग झोप लागायला लागली, तिचं सुख मी नाकारत नाही. सकाळी उठल्यावर उशी कोरडी असायची आणि मी त्या कोरड्या कापडावर गाल घासायचे. मालकांनी पुन्हा बोलावलं. होहोला मी सॉरी म्हटलं, मनापासून नाही पण नीट. नवरा मुलाला फोनवर सांगत होता, आई छान आहे. गाडी दुरुस्त होऊन आली. आणि रोज जाग आल्यावर, डोळे न उघडता, दुखऱ्या दातावर जीभ फिरवावी तशी मी आत चाचपून बघायचे. दूधवाल्यावरचा राग नव्हता. शेजारणीवरचा नव्हता. चहा फुंकण्यावरचा नव्हता. गढूळ होतं ते सगळं खाली बसलं होतं. पण तो एक राग होता. तसाच, आख्खा, आता नुसता जास्त स्वच्छ दिसत होता. मी आणखी थोडे दिवस थांबले. तो जातो का ते मला बघायचं होतं. तो गेला नाही.

सुट्टीचा दिवस होता. नवरा खिडकीशी खुर्चीत बसून पेपर वाचत होता, मी पोळ्या करत होते. तो पेपर खाली घेऊन म्हणाला, "बघ, उगाच घाबरत होतीस पट्टीला. गेला ना राग?" मी तव्याखालचा गॅस बंद केला, हात पुसले आणि त्याच्यासमोर स्टूल ओढून बसले. "शांत झालीस की बोलू म्हणाला होतास," मी म्हटलं. "झाले." तो हसला, पेपरची घडी घातली. "अगं, आता कशाला ते उकरून... तुझी तब्येत आत्ता कुठे..." मी त्याचं मनगट धरलं आणि त्याचा पंजा माझ्या मानेवर ठेवला.

"गरम लागतंय?"

"नाही."

"घाम?"

"नाही गं, पण..."

"माझा आवाज चढलाय? हात थरथरतोय?"

"नाही."

"मग नीट ऐक. मला तुला मारावंसं वाटतंय. आत्ता, अशी शांत असताना. रोज सकाळी उठल्या उठल्या वाटतं. झोप चांगली झालेली असते, भूक लागलेली असते, आणि मला तुझं डोकं या भिंतीवर आपटावंसं वाटतं. हे पट्टी लावून उरलेलं आहे. हे माझं आहे."

त्याने हात मागे घ्यायचा प्रयत्न केला. मी सोडला नाही. त्याचं तोंड उघडलं, नेहमीचा तो शब्द जिभेवर आला असावा, पण त्याचा पंजा माझ्या कोरड्या मानेवर होता आणि शब्द बाहेर पडला नाही. खाली कोणीतरी सायकल लावत होतं.

"मी म्हणालो," तो म्हणाला. "त्यांनी नाही ठरवलं. मी."

"मला ठेवायची होती, हे माहीत होतं तुला?"

"होतं."

"मग?"

"आईसारखी तू मरशील असं वाटलं. तो ट्रे बघितला आणि... भीती वाटली."

"भीती वाटली ते कळलं. मी मेले नाही. शुद्धीवर आले, तू माझे केस सारत होतास, आणि तेव्हा खोटं बोललास. ते कोणाच्या भीतीने?"

त्याचे डोळे भरले, मला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून राग तसूभरही हलला नाही. दोन्ही शेजारी शेजारी बसले होते. "मार," तो म्हणाला, "तुला मारायचं असेल तर मार." मी म्हटलं, "नाही. मारलं की तू खाली जाऊन सांगशील आणि सुटशील. तू इथे बस. बाहेर त्या बाकावर काय काय झालं, कोण काय म्हणालं, ट्रेमध्ये काय होतं, सगळं मला सांग. पहिल्यापासून. काही काढू नकोस."

मी त्याचं मनगट सोडलं. तो खुर्चीत जेवढं मागे सरकता येईल तेवढा सरकला आणि माझ्याकडे बघत राहिला, कोणालाही बोलावता न येणारा माणूस बघतो तसा. तो घाबरला होता. माझ्या आजाराला नाही, हार्मोन्सना नाही, मला. ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदाच मला बरं वाटलं.